नऊ फुटांची चूक

आमच्या गल्लीत नवीन राहायला येणाऱ्या माणसाला मी हमखास विचारते, इथे काय आवडलं तुम्हाला? बहुतेक जण म्हणतात, शांतता. मग मला हसू आवरत नाही. शांतता म्हणजे काय ते आम्ही तीसेक वर्षांपूर्वी इथे पोटभर भोगलेलं आहे. दिवेलागणीनंतर कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही, कारण शिळी भाकरी टाकायला इथे घरंच नव्हती. सगळी मिळून तीन घरं. कोपऱ्यावर रेल्वेत नोकरी करणारे एक गृहस्थ, मग आम्ही, आणि आमच्या पलीकडे ताई. ताई म्हणजे माझी सख्खी बहीण नव्हे, शेजारीण. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, म्हणून ताई.

नाशिक रोडच्या बाहेर, एकलहऱ्याच्या बाजूला ही वसाहत. आमचे हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. राहायला क्वार्टर होतं, पाण्याची ददात नव्हती, दारात बस यायची. पण क्वार्टर म्हणजे दुसऱ्याचं घर. नोकरी संपली की गाठोडं उचला. म्हणून ह्यांनी इथे आमच्या दोघांच्या नावाने प्लॉट घेतला. तो बघायला माझे वडील सायखेड्याहून मुद्दाम आले होते. आयुष्यभर गोदाकाठची शेती केलेला माणूस. समोर द्राक्षाचा तोडलेला मळा, वेलींचे बुंधे उन्हात पडलेले, लोखंडी अँगल मात्र ओळीने तसेच उभे. त्यांनी एक अँगल हाताने हलवून बघितला. मग म्हणाले, "मळे मोडून घरं बांधणारी माणसं लय बघितली. आता आमचीच पोरगी त्यांच्यात निघाली." मला राग आला होता. आजही आठवलं की थोडा येतो, कारण ते खोटं बोलले नव्हते.

ज्यांचा तो मळा, त्यांना आम्ही मळेवाले बाबा म्हणायचो. जमीन विकून झाली तरी ते रोज सकाळी यायचे आणि कुणाचा पाया कुठवर आला ते बघत हिंडायचे. प्लॉटचा नंबर त्यांच्या तोंडी कधी बसला नाही. "तुम्ही चौथ्या-पाचव्या ओळीतले," असं ते मला म्हणायचे. कुठल्या ओळीला माल चांगला लागायचा हेही सांगायचे. आमच्या न्हाणीघराच्या जागेवर म्हणे सगळ्यात गोड घड यायचे.

ताई बागलाणातली, सटाण्याकडची. तिचा नवरा एस. टी.त ड्रायव्हर. आमची पहिली भेट झाली ती भांडणाने. पाण्याचा टँकर आला, त्याने दोन्ही घरांचं पाणी एकाच पिंपात ओतलं आणि तो निघून गेला. पिंप आमचं होतं. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "हाई काय शे माय?" एरवी ती आपली साधी मराठी बोलायची, राग आला किंवा जीव गलबलला की अहिराणी बाहेर यायची. मी म्हटलं, पाणी आहे, दिसत नाही का? त्या पिंपातलं पाणी आम्ही लोट्याने मोजून वाटून घेतलं. दुसरीने एक लोटा जास्त घेतला असं दोघींचं आजतागायत म्हणणं आहे.

मैत्री झाली ती तशीच, मोजत आणि खेकसत. आमच्यात गोड बोलणं कधी नव्हतं. मला टायफॉइड झाला तेव्हा तिने पंधरा दिवस आमचा स्वयंपाक केला. बरी झाल्यावर मी काय म्हटलं असेल? "वरणात हिंग किती घालतेस गं!" तीही तसलीच. तिचा नवरा गेला तेव्हा मी तेरा दिवस तिच्या घरात राहिले, आणि चौदाव्या दिवशी ती म्हणाली, "जा आता, तुझ्या घरात झुरळं झाली असतील." आमच्या किल्ल्या एकमेकींकडे असायच्या. मी माहेरी गेले की ह्यांच्या पोळ्यांचं तीच बघायची. आमच्या कोठीतले गहू काढायचे, निवडायचे, गिरणीत द्यायचे, सगळं तिच्याकडे.

ही वस्ती वाढावी म्हणून आम्ही दोघींनी किती चपला झिजवल्या. रस्त्यावरच्या दिव्यासाठी महानगरपालिकेत गेलो. साहेब जेवायला गेले होते. दोन तास बाकावर बसून ताईने एक अख्खी पिशवी मेथी निवडली. साहेब आल्यावर देठांचा ढीग बघून म्हणाले, हे काय? ताई म्हणाली, "अजून उशीर केला असता तर फोडणी पण दिली असती." महिन्याभरात दिवा लागला. मग बससाठी गेलो, मग गटारीसाठी. पहिलं किराणा दुकान उघडलं त्या दिवशी आम्ही गरज नसताना साबण घेऊन आलो, निव्वळ त्याने दुकान बंद करू नये म्हणून.

नंतर वाढ अशी आली की आम्हाला विचारायला कुणी थांबलंच नाही. शेजारच्या मळ्यात रो-हाऊस झाली. त्याच्या पलीकडे टोमॅटो होता तिथे सात मजली इमारत झाली, तळाला दवाखाना, वर क्लास. आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिम आहे, आणि तिच्या शेजारी मिसळीचं दुकान. जिममधून निघालेली मंडळी सरळ तिकडे वळतात. गावाकडून पाहुणे आले की पत्ता सांगताना पूर्वी मी म्हणायची, विहिरीपाशी या आणि हाका मारा. आता मोबाइलवर ठिकाण पाठवते.

पूर्वीचं नाशिक कसं होतं म्हणून उसासे टाकणारी माणसं मला आवडत नाहीत, हे सांगूनच टाकते. त्यांना रात्री-अपरात्री ताप आलेलं मूल घेऊन फाट्यापर्यंत चालत जावं लागलेलं नसतं. मला वाढलेलं गाव आवडतं. हाकेच्या अंतरावर औषधाचं दुकान आवडतं. संध्याकाळी गच्चीवर उभं राहिलं की चहूकडच्या खिडक्यांत उजेड दिसतो, कुणीतरी शिट्ट्या मोजत असतं, कुणीतरी पोराला पाढ्यांवरून झापत असतं, ते आवडतं. सायखेड्यात सगळे मला जन्मापासून ओळखायचे. इथे मला ओळखायला लोकांना जरा कष्ट घ्यावे लागले, आणि मलाही. त्यातून जे मिळालं ते मी स्वतः मिळवलेलं आहे. फक्त एक गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नाही. वाढणाऱ्या गावात माणसं येतात एवढंच मी बघत होते. इथून कुणी जाऊही शकतं, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

ताईच्या मुलीने सटाण्यात घर बांधलं. मुलगी शाळेत शिक्षिका आहे. तिने आईसाठी तळमजल्यावर खोली काढली, न्हाणीत धरायला दांडा बसवला. ताईचे गुडघे तोवर पार गेले होते. जिन्यावरून ती बसत बसत उतरायची. एका सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "घर विकायचं म्हणते. पोरगी बोलवतेय." मी म्हटलं, "बरोबर आहे. तुझ्या गुडघ्यांना तेच चांगलं." आणि चहात बिस्किट बुडवलं. ते तुटून आत पडलं. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली, मग चमच्याने माझं बिस्किट काढून दिलं.

घर घ्यायला एक तरुण जोडपं आलं. तो विंचूरच्या वाइन पार्कमध्ये नोकरीला, ती नर्स. माणसं चांगली होती, म्हणजे त्यांच्यात नावं ठेवायला मला काही सापडेना. त्यांच्या बँकेने कर्जाआधी जागेची सरकारी मोजणी मागितली. आषाढात मोजणीवाले आले. तिपाईवर यंत्र लावून त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन वेळा मोजलं. एकमेकांकडे बघून कुजबुजले. मग त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने मला विचारलं, "काकू, तुमचा स्वयंपाक कुठे होतो?" मी म्हटलं, स्वयंपाकघरात. तो म्हणाला, "ते स्वयंपाकघर यांच्या प्लॉटमध्ये आहे."

निघालं ते असं. गल्लीतली सहाच्या सहा घरं नऊ फूट सरकलेली होती. आमचं स्वयंपाकघर ताईच्या जागेत, ताईचं देवघर पलीकडच्याच्या जागेत, आणि असं करत करत सहाव्या घराचा जिना मोकळ्या सोडलेल्या जागेत. तीस वर्षं प्रत्येक जण आपल्या घरात राहून थोडा थोडा दुसऱ्याकडे राहत होता.

चूक कुठे झाली ते कोपऱ्यावरच्या रेल्वेवाल्यांनी डोकं धरून सांगितलं. त्यांचं घर सगळ्यात आधी झालं. ट्रॅक्टर फिरताना हद्दीचा दगड उखडला गेला होता, म्हणून ते मळेवाल्या बाबांना विचारायला गेले. बाबा विहिरीवर बसले होते, तिथूनच त्यांनी सांगितलं, "पहिल्या ओळीच्या अँगलपासून धरा, तिथून तुमची जागा." त्यांच्या मनात बांधालगतची पहिली ओळ होती. पण ती ओळ ट्रॅक्टरला वाट हवी म्हणून त्यांच्याच मुलाने महिन्यापूर्वी उपटून टाकली होती, आणि बाबांच्या ते ध्यानात राहिलं नव्हतं. रेल्वेवाल्यांनी दिसला त्या पहिल्या अँगलला टेप लावला. तो होता दुसऱ्या ओळीचा. द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ फुटांचं अंतर. मग आम्ही त्यांच्या भिंतीपासून मोजलं, ताईने आमच्या भिंतीपासून, आणि सगळ्यांनी तसंच. नकाशा प्रत्येकाकडे होता. गुंडाळून कपाटावर ठेवलेला.

मजा अशी की बांधाच्या आणि रेल्वेवाल्यांच्या घराच्या मध्ये नऊ फुटांची एक पट्टी राहिली होती. तिथे त्यांनी केळी आणि अळू लावलं होतं. ती जागा दुसऱ्याची आहे असं समजून तीस वर्षं त्यांनी ते चोरून केलं. महानगरपालिकेची गाडी दिसली की घाईघाईने केळीवर जुनं कापड टाकायचे. ती जागा त्यांचीच होती हे कळलं त्याच दिवशी वकील म्हणाले, आता ती सोडावी लागेल. ते आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत.

वकिलांचा तोडगा सरळ होता. जो जिथे राहतो ती जागा त्याची. कोपऱ्यावरची पट्टी मोकळ्या जागेकडे जाईल. सहाही घरांनी मिळून तसा दस्त करायचा. प्रत्येकाने आपलं मूळ खरेदीखत आणायचं आणि निबंधकांच्या कचेरीत जाऊन एकदम सह्या करायच्या. एकही घर मागे राहिलं तर दस्त होत नाही, आणि दस्त झाल्याशिवाय ताईला घर विकता येत नाही. आठ दिवसांनी रेल्वेवालेही तयार झाले, केळीचा एक घड सगळ्यांना वाटून. श्रावण लागला तेव्हा पाच घरांची कागदपत्रं वकिलांकडे पोचली होती. राहिलं होतं फक्त आमचं.

आमचं खरेदीखत सापडत नव्हतं. निदान मी सगळ्यांना तसं सांगितलं. खरं म्हणजे ती निळी फाईल मी स्वतःच्या हाताने कपाटातून काढली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि गव्हाच्या कोठीत तळाशी घातली. कारण काय म्हणाल तर मी स्वतःला नीट सांगितलंही नाही. चार दिवस जाऊ देत, एवढंच मनात होतं. आमचे हे बिचारे माळ्यावर चढून ट्रंका उपसत राहिले, आणि मी खाली शिडी धरून उभी राहिले. गणपतीच्या आधी मी तीन दिवस माहेरी जाऊन आले. तेवढ्यातही फाईल सापडली नाही म्हणून ह्यांनी तोंड पाडलं होतं. मग पितृपक्ष आला. त्या पंधरवड्यात असले व्यवहार करत नाहीत, असं मी ठासून सांगितलं; एरवी मी पितृपक्षात दुकानदाराशी भांडून मिक्सर घेऊन आलेली बाई आहे. मग नवरात्र. मग आधार कार्डावर ह्यांच्या नावात काहीतरी फरक निघाला, तो मी इतका ताणला की ते मला म्हणाले, अगं, माझं नाव मला मान्य आहे.

ताई एका शब्दाने बोलली नाही. रोज यायची, चहा घ्यायची. सामान बांधून झालं होतं; तिच्या घरात बोललं की आवाज घुमायचा. एकदा तो वाइन पार्कवाला मुलगा आला, हात जोडून म्हणाला, काकू, बँकेची मुदत दिवाळीनंतर संपतेय, मग आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. मला त्याची दया आली आणि त्याच क्षणी आनंदही झाला. त्या आनंदाची मला अजून लाज वाटते. ताईच्या मुलीचा फोन आला, ती रडवेली झाली होती. आईची खोली चार महिने झाडून ठेवतेय मी, म्हणाली. तरी मी फाईल काढली नाही.

दिवाळीचे अनरसे करायचे म्हणून मी तांदूळ भिजत घातले होते. हे पाठीमागे उभे राहिले, हातात निळी फाईल. कोठीत गहू कितपत उरलेत ते बघायला त्यांनी हात घातला होता. फाईलला गहू चिकटलेले होते. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी ती ओट्यावर ठेवली, एकेक दाणा काढून परत कोठीत टाकला आणि म्हणाले, "पाडव्यानंतर कचेरी उघडेल. मी वकिलांना सांगतो." एवढंच. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना इतकी घाबरले नव्हते.

कचेरीत आम्ही सहा घरची माणसं लग्नाला निघाल्यासारखी नटून गेलो होतो. त्यामागोमाग त्याच दिवशी ताईच्या घराचंही खरेदीखत व्हायचं होतं; त्या जोडप्याला तिने शब्द दिला होता, इसारही घेतला होता. कॅमेऱ्यासमोर एकेकाचा फोटो, यंत्रावर अंगठा, मग सही. माझ्या अंगठ्याचा ठसा उमटेना. घरकाम करणाऱ्या बायकांचं असं होतं, रेघा झिजतात, म्हणत तिथल्या बाईंनी ओला रुमाल दिला. तीनदा पुसून चौथ्यांदा उमटला. सही करताना मी ताईकडे बघितलं नाही. सगळं होऊन शिक्का बसायला अर्धा तास गेला. मग कचेरीतली बाई म्हणाली, झालं, आता बदल होणार नाही. रेल्वेवाल्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.

आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तिला गुडघा वाकवता येत नव्हता, तिने पाय सरळ समोर पसरला होता. मी म्हटलं, "सापडली एकदाची फाईल." असं म्हणायला नको होतं.

"गणपतीआधी तू माहेरी गेली होतीस ना," ती म्हणाली, "तेव्हाच मी पाहिली होती. गहू काढायला गेले तर हाताला लागली. परत ठेवून दिली, होती तशी."

 मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"मी काय बोलायचं? मी वेगळीच वाट बघत होते. म्हटलं, आज म्हणेल, उद्या म्हणेल. चहा प्यायला रोज येऊन बसत होते ते कशासाठी? हिने एकदा म्हणावं, नको जाऊ. पोरगी म्हणते ये, गुडघे म्हणतात जा. राहा म्हणणारं एक माणूस पाहिजे होतं मला. म्हटली असतीस तर राहिले असते." ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र भांडणाचा होता. "तुले तोंड शे ना?"

मला तोंड आहे. महानगरपालिकेत साहेबांना गप्प करण्याइतकं आहे, भाजीवाल्यांना आहे, सगळ्या गल्लीला माझं तोंड माहीत आहे. तीन महिने मी कागद लपवले, तिथी शोधल्या, स्वतःच्या नवऱ्याचं नाव चुकीचं ठरवलं, पण दोन शब्द म्हणून बघितले नाहीत. तिथे बाकावर मी ते म्हटले. मोठ्याने म्हटले, लोक वळून बघायला लागले.

ताईने माझा हात धरला. मुठीत अजून कचेरीतला तो रुमाल तसाच होता. तेवढ्यात आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. घर घेणारं तरुण जोडपं खरेदीखताचे कागद घेऊन दारात उभं होतं. तिने माझ्या खांद्यावर भार दिला, उठली, आणि मी तिला आत सहीला घेऊन गेले.